शिशा ओढताना घसा का जळतो: कोळसा कुठला घ्यायचा आणि बाउल कसा भरायचा

तुझा प्रश्न मला समजला तो असा. दुबईत नवीन आलायस, करामाला शेअरिंग फ्लॅटमध्ये राहतोस, रूममेट्सनी मिळून शिशा, म्हणजे हुक्का, घेतलाय. दुकानदाराने लायटरने पेटणारा गोल कोळसा दिला तो वापरता, बाउल, म्हणजे वरची तंबाखूची वाटी, छान दाबून काठोकाठ भरता, आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत घसा जळायला लागतो, चव जळकट होते आणि शेवटी डोकं धरतं. म्हणून विचारतोयस की सगळ्यात चांगला कोळसा कुठला, बाउल किती भरायचा, आणि दिवाळीला नाशिकला जाताना इथला कोळसा बॅगेत नेता येईल का. तू वय २४ लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी इकडे देरा भागात शिशाच्याच कामात आहे, आधी टेबलांवर कोळसा फिरवायचो, आता बाउल भरणाऱ्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे जे सांगतो ते रोज हाताखालून जातं ते.

पहिलं एक मनापासून सांगतो. तुला आधीपासून तंबाखूची सवय नसेल तर सुरू करू नकोस. निकोटिन आहे ते, सवय लागतेच, आणि पाण्यातून धूर जातो म्हणून तो स्वच्छ होतो हा समज पूर्ण खोटा आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये आणि परत २०१५ मध्ये यावर सल्लापत्र काढलं त्यात हे स्पष्ट आहे. पाण्याने धूर गार होतो, बस. गार झाल्यामुळे उलट माणूस जास्त खोल ओढतो. पण तुम्ही घेऊन बसलाच आहात आणि करणारच आहात, तर निदान निखारा काय करतो ते समजून करा, कारण तुझ्या वर्णनात मला घशापेक्षा त्या डोकेदुखीची जास्त काळजी वाटतेय. तिच्याकडे शेवटी येतो, पण ते वाचल्याशिवाय जाऊ नकोस.

आता खरा प्रॉब्लेम. तू कोळशाचा ब्रँड विचारतोयस पण तुझा प्रश्न उष्णतेचा आहे. शिशाचा तंबाखू हा सिगारेटसारखा पेटवायचा नसतोच. त्यात तंबाखूचं पान, मळी किंवा मध, ग्लिसरीन आणि वासाचा अर्क असं सगळं असतं. आपल्याला काय हवंय तर ते ग्लिसरीन आणि अर्क तापून त्यांची वाफ व्हावी, पान मात्र जळू नये. जो दाट पांढरा धूर दिसतो तो मुख्यतः ग्लिसरीनचा. वरून उष्णता जास्त झाली, किंवा पान बाउलवर, कोळशाखाली ताणलेल्या भोकांच्या फॉइलला जाऊन चिकटलं, की आधी साखर करपते आणि मग पान, आणि तीच ती जळकट चव आणि घशाची आग. उष्णता कमी पडली तर धूर पातळ आणि चव नाही. म्हणजे कोळसा, फॉइल, बाउल, भरायची पद्धत, या चारही गोष्टींचं काम एकच, तंबाखूपर्यंत किती उष्णता जाते ते ठरवणं. एक बदललं की बाकीचे जुळवावे लागतात, म्हणून कोणी छातीठोकपणे "हाच कोळसा बेस्ट, तीन लाव" म्हणाला तर त्याला आधी विचार बाउल कुठला आणि तंबाखू कुठला.

कोळशाकडे येऊ. तू वापरतोयस तो क्विक-लाइट, आपल्याकडे पोरं मॅजिक कोल म्हणतात तो. त्यात पेटायला मदत करणारं रसायन मिसळलेलं असतं, म्हणून लायटर लावला की तडतड करत मिनिटभरात पेटतो. सोय आहे, पण तो एकदम जोरात तापतो आणि लवकर उतरतो, मधला स्थिर काळ फार कमी, राख जास्त, आणि सुरुवातीला त्या रसायनाचा वास तंबाखूत उतरतो. नवशिक्याला दुकानदार हाच देतात आणि नवशिक्याला हाच सगळ्यात अवघड, कारण सारखी बदलणारी उष्णता सांभाळायला हात बसलेला लागतो. तुझ्याकडे पाकीट उरलं असेल आणि वापरणारच असशील तर मोकळ्या हवेत पेटव, ठिणग्या पूर्ण थांबू दे, सगळीकडून करडा होऊ दे आणि मगच वर ठेव, काळा डाग दिसत असताना अजिबात नाही.

घ्यायचा तर नारळाच्या करवंटीचा, चौकोनी ठोकळ्यांचा. इथे मिळणारा बराचसा इंडोनेशियाचा असतो. साइज बघून घे, खोक्यावर लिहिलेली असते. २५ मिमीचे किलोत साधारण ७२ तुकडे बसतात, २६ मिमीचे ६४, आणि २२ मिमीचे त्याहून बरेच जास्त. लहान बाउलला २६ मिमीचे तीन ठोकळे म्हणजे फार होतात, दोन पुरतात. मोठ्या बाउलला तीन. हे मात्र बाउलच्या रुंदीवर, फॉइलच्या जाडीवर आणि बाहेर वारा आहे की आत एसी आहे यावर अवलंबून आहे, म्हणून दोनापासून सुरू कर आणि गरज लागली तर तिसरा चढव. चढवणं सोपं असतं, करपलेला तंबाखू परत चांगला होत नाही.

चांगला कोळसा ओळखायचा कसा, तर दोन ठोकळे एकमेकांवर आपट, टणक खणखणीत आवाज यायला हवा, भद्द आवाज आला किंवा कोपरे भुगा होऊन पडले तर एकतर दमट आहे नाहीतर दाबला नीट नाहीये. पेटताना वास जवळजवळ नको. पेटून झाल्यावर राख फिकट करडी किंवा पांढुरकी आणि ठोकळ्याला धरून राहणारी हवी, हलकं टिचकवल्यावर सुटणारी. काळपट भुरभुरीत राख उडत असेल तर तो कोळसा परत घेऊ नकोस, कितीही स्वस्त असला तरी. आणि इथली उन्हाळ्यातली दमट हवा विसरू नकोस, उघडं खोकं बाल्कनीत राहिलं की कोळसा ओल धरतो, मग पेटताना फटाफट फुटतो आणि तुकडे उडतात. झाकणाच्या डब्यात ठेव.

कॅफेत तुला वेडावाकडा लाकडी कोळसा पण दिसेल, लिंबाच्या झाडाच्या लाकडाचा वगैरे. "फहम" म्हणून हाक मारली की पोरगा भांड्यातून आणतो तो बऱ्याच ठिकाणी हाच असतो. तो कडक तापतो, ठिणग्या मारतो, मोकळ्या जागेत आणि सतत कोणीतरी चिमटा घेऊन फिरत असेल तिथे ठीक आहे, खोलीत नको. आणि बार्बेक्यूचा कोळसा, शेगडीचा कोळसा, इस्त्रीवाल्याचा कोळसा, यातलं काहीही शिशावर ठेवू नये. कशाचा बनलाय, त्यात काय मिसळलंय कळत नाही, धूर सोडतो आणि तो सगळा तू ओढणार.

करवंटीचा कोळसा लायटरने पेटत नाही, त्याला इलेक्ट्रिक कॉइलची छोटी शेगडी लागते, शिशाच्या दुकानात मिळते. सपाट काचेची शेगडी असते ना, तिच्यावर नको, काच खराब होते. कॉइलवर आठ ते बारा मिनिटं धर, अर्ध्यात उलटायचा, आणि सगळ्या बाजू करड्या होऊन आत लाल दिसल्याशिवाय उचलायचा नाही. पोरं घाई करतात ती इथेच. एका बाजूने काळा राहिलेला ठोकळा वर ठेवला की पहिले काही झुरके लाकूड जळल्यासारखे वाईट लागतात आणि मग लोक म्हणतात तंबाखू खराब होता.

आता बाउल. तुमच्या सेटबरोबर आलेला तो बहुतेक साधा मातीचा इजिप्शियन पद्धतीचा असणार, तळाला भोकं असलेला. त्यात रस खाली गळतो, तंबाखू लवकर सुकतो आणि सुकला की करपतो. नवशिक्याला मी फनेल बाउल घे सांगतो, ज्यात मधोमध एक उंच नळी असते आणि हवेचं भोक तिच्या टोकाला, म्हणजे रस तळाशीच राहतो. आतून चकचकीत ग्लेझ केलेला, मातीचा किंवा सिरॅमिकचा, १२ ते १५ ग्रॅम तंबाखू मावेल एवढाच. मोठा घेऊ नकोस, मोठ्याला जास्त कोळसा लागतो आणि तुमचा हात अजून बसलेला नाही. पातळ धातूचा बाउल तर नकोच, कडेपासूनच करपायला लागतं.

भरताना आधी डबा खालून वर नीट ढवळ, कारण रस तळाला बसलेला असतो आणि वरचा तंबाखू कोरडा. मग चिमूटभर घेऊन बोटांनी मोकळा कर, जाड देठ आणि काड्या काढून टाक, फार लांब पानं असतील तर कात्रीने कापून घे. आणि आता बाउलमध्ये तो वरून सोड, टाक, पण दाबू नको. तुझी मुख्य चूक मला इथे दिसते. दाबून भरलं की गरम हवेला पानांतून जायला वाटच राहत नाही, वरचा थर फॉइलखाली करपतो आणि खालचा अर्धा कच्चाच राहतो, म्हणजे जळकट चव पण आणि तंबाखू वाया पण. अल फाखरसारखा ओला, फिकट पानाचा तंबाखू असेल तर तो मोकळाच भरायचा. काठाच्या दोन ते तीन मिलिमीटर खाली थांबायचं, सगळीकडे सारखी पातळी, मधल्या नळीच्या तोंडावर एकही पान नको. काठावर सांडलेला रस पुसून काढ, नाहीतर तोच आधी जळतो. काळ्या पानाचे, न धुतलेले कडक तंबाखू असतात, टँजिअर्स वगैरे, त्यांना थोडं घट्ट भरतात आणि ते उष्णता जास्त सोसतात, पण त्यांच्यात निकोटिन पण जोरात असतं, तुझ्यासाठी ते नाहीत, निदान आत्ता तरी.

फॉइल लावायच्या आधी बाउल स्टेमवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उभ्या दांड्यावर, बसवून ओढायच्या नळीतून एक रिकामा श्वास ओढून बघ. सहज यायला पाहिजे. जोर लागत असेल तर एकतर घट्ट भरलंय किंवा पाणी जास्त आहे. पाणी स्टेमच्या टोकावर दोन-तीन सेंटीमीटर पुरे, त्याहून जास्त भरलं की ओढायला जड जातं आणि माणूस नकळत जोरात ओढतो, जोरात ओढलं की निखारा भडकतो, आणि परत घसा.

फॉइल शिशाचीच जाड घे, स्वयंपाकघरातली असेल तर दोन थर. ताणून बसवायची, टिचकी मारली तर डफासारखी वाजली पाहिजे. ढिली राहिली की कोळशाच्या वजनाने मधे बसते आणि तंबाखूला टेकते, मग वर सांगितलेली सगळी मेहनत गेली. भोकं दातकोरणीने, कडेपासून आत गोल गोल ओळींत, नळीच्या बरोबर वर मात्र मोकळी जागा सोड. छोटी आणि पुष्कळ, मोठी आणि थोडी नाही, मोठ्या भोकातून राख खाली पडते. आजकाल फॉइलच्या ऐवजी धातूचं झाकणवालं उपकरण पण मिळतं, ज्यात कोळसा आत ठेवतात आणि झाकण फिरवून उष्णता कमी-जास्त करतात. चांगलं आहे, राख आणि निखारा पडायची भीती कमी. पण माझं मत विचारशील तर पहिले काही वेळा फॉइलवरच कर. कोळसा अर्धा सेंटीमीटर सरकवल्याने काय बदलतं ते फॉइलवर जसं कळतं तसं झाकणाखाली कळत नाही.

कोळसे कडेला ठेवायचे, अर्धा फॉइलवर आणि थोडा काठावर, मधोमध कधीच नाही. मग तीन ते पाच मिनिटं थांब. हे थांबणं कोणाला जमत नाही. लोक ठेवल्या ठेवल्या जोरजोरात ओढून धूर काढायला बघतात, आणि बाउल पहिल्या पाच मिनिटांत करपवून ठेवतात. थोडं थांबून हळू, लांब, साध्या श्वासासारखं ओढ. धूर आधी पातळ येईल, काही बिघडत नाही, तो वाढत जातो. पंधरा-वीस मिनिटांनी राख टिचकवून कोळसे थोडे फिरवून नव्या जागी ठेव. घसा टोचायला लागला तर ओढणं थांबव, एक कोळसा उचलून बाजूला काढ, आणि व्हॉल्व्ह असेल तर नळीतून हलकी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढ. दोन मिनिटांनी परत बघ. धूरच येत नसेल तर नवा कोळसा चढवायच्या आधी ते रिकामं ओढून बघणं आठव, बऱ्याचदा भोकं बुजलेली असतात किंवा कुठेतरी रबर सैल असतं. आणि पाऊण तास-तासाने चव उतरली की बाउल संपला. त्यावर ताजे निखारे ठेवून तो ओढत बसणं म्हणजे नुसता जळलेला तंबाखू आणि कोळशाचा वायू पिणं.

आता डोकेदुखी. तुझ्या रूममेटने सांगितलं की तो "बझ" आहे, सवय होईल. कृपा करून असं समजू नकोस. निकोटिनने गरगरतं हे खरं, पण बंद खोलीत शिशानंतर डोकं ठणकणं, मळमळ, पायातली ताकद गेल्यासारखं वाटणं, यामागे बहुतेकदा कार्बन मोनॉक्साइड असतो. तो तंबाखूपेक्षा जास्त कोळशातून येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. महागडा करवंटीचा कोळसा घेतलास तरी तो येतोच, तंबाखू नसलेला हर्बल फ्लेवर घेतलास तरी येतोच, पाण्याने अडत नाही. म्हणजे मी वर जे सगळं सांगितलं त्याने चव सुधारेल, घसा वाचेल, पण हा वायू जाणार नाही. त्याला एकच उपाय, मोकळी हवा आणि कमी वेळ.

तुमच्या खोलीचा विचार कर. उन्हाळा, खिडक्या बंद, एसी चालू, तोच तोच वारा आत फिरतोय, आणि कोणीतरी सकाळच्या ड्युटीवरून येऊन बाजूच्या बेडवर झोपलेलं. तो ओढत नाहीये पण वायू त्याच्याही रक्तात जातोय आणि झोपेत त्याला काही कळणार नाही. मी हात जोडून सांगतो, झोपायच्या खोलीत शिशा लावू नका आणि कोळसा तर बंद बाथरूममध्ये वगैरे पेटवूच नका. स्वयंपाकघरात पेटवत असाल तर खिडकी उघडी आणि चिमणीचा पंखा चालू. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म मिळतो, चार जणांनी मिळून घ्यायला जड नाही. डोकं दुखायला लागलं की सगळ्यात आधी निखारे बाहेर, माणसं बाहेर, मग बाकीचं. कोणी बेशुद्ध पडलं, बोलणं अडखळलं किंवा मोकळ्या हवेत येऊनही बरं वाटत नसेल तर ९९८ ला अँब्युलन्स बोलव, आणि डॉक्टरला कोळशाबद्दल स्पष्ट सांग, लाजू नकोस, कारण त्यावर उपचार ठरतो. घरात लहान मूल, गरोदर बाई, हृदयाचा किंवा दम्याचा पेशंट असेल तर तिथे शिशा नाहीच. आणि प्रत्येकाचं तोंडाचं टोक वेगळं ठेवा, एकच नळी तोंडातून तोंडात फिरवण्याने काय काय पसरतं ते सांगायला नको.

बाल्कनीबद्दल पण आधी वॉचमनला नाहीतर बिल्डिंगच्या ऑफिसात विचार, बऱ्याच टॉवरमध्ये बाल्कनीत कोळसा चालत नाही आणि ते बरोबरच आहे, वाऱ्यावर उडालेली ठिणगी खालच्या मजल्यावर कशावर पडेल सांगता येत नाही. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये आग लागली, १४ जण गेले, आणि अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी हेच कारण पुढे आलं. म्हणून संपल्यावर निखारे कचऱ्याच्या पिशवीत कधीच नाही. वरून विझलेला दिसणारा करवंटीचा कोळसा आत बराच वेळ धगधगत असतो. स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात बुडव, आवाज बंद होईपर्यंत थांब, आणि मगच टाक. बेस, म्हणजे खालचं पाण्याचं भांडं, सपाट जागेवर ठेव, कार्पेटवर नको, येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि चिमटा हाताशी असू दे.

राहिला दिवाळीचा प्रश्न. कोळसा विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेत पण नाही आणि चेक-इनमध्ये पण नाही, आपोआप तापून पेट घेऊ शकणारा माल म्हणून तो धोकादायक सामानात मोडतो, आणि क्विक-लाइट तर आणखीच. काउंटरवर बॅग उघडायला लावतील. आणि नाशिकला मित्रांना घेऊन कुठल्या कॅफेत बसायचा विचार असेल तर महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का बार चालवायलाच बंदी आहे, लपूनछपून चालणाऱ्या ठिकाणी धाड पडते आणि तिथल्या बंद खोल्यांत हवेची सोय नसते ती वेगळीच. घरी नेऊन आईवडिलांसमोर लावणार असशील तर ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तो कोळसा इथून नको.

पुढच्या वेळी भरशील तेव्हा दोनच गोष्टी बदल, दाबणं सोड आणि दोनच कोळसे ठेव, बाकी सगळं आहे तसं. मग कुठला तंबाखू होता, कुठल्या मिनिटाला घसा लागला आणि खिडकी उघडी होती का ते लिही, त्यावरून पुढचं सांगतो.